चढासाठी इलेक्ट्रिक सायकल घेताना

साताऱ्यात राहणाऱ्या आमच्या परिचयातील एका शिक्षिकेने साठवलेल्या पैशांतून इलेक्ट्रिक सायकल घेतली. गुडघे कुरकुरत होते आणि रोजची रिक्षा परवडत नव्हती. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर सायकल झकास पळाली. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन घरी परतताना मात्र टेकडीच्या शेवटच्या चढावर मोटर तापून बंद पडली. पंचवीस किलोची ती सायकल ढकलत वर नेताना गुडघे आणखीच दुखावले.

सायकलमध्ये दोष नव्हता, निवड चुकली होती. तुमचेही घर पाचगणी, मसुरी किंवा उटीसारख्या डोंगरउतारावरच्या गावात असेल, तर पैसे मोजण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्या.

चढाला किती ताकद लागते?

समजा, तुमचे वजन ७० किलो, सायकलचे २५ आणि सामान ५ किलो, म्हणजे एकूण १०० किलो. शंभर मीटर अंतरात ८ मीटर उंची वाढणाऱ्या रस्त्यावर ताशी १० किलोमीटर वेगाने जायला सुमारे २५० वॅट ताकद लागते. उंची १२ मीटरने वाढत असेल, तर तीच गरज ३५० वॅटच्या आसपास जाते.

आपल्या देशात परवाना आणि नोंदणीशिवाय चालवता येणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलच्या मोटरला २५० वॅटची, तर वेगाला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे तीव्र चढावर उरलेली ताकद तुमच्या पायांनी द्यायची किंवा वेग कमी करायचा. काही दुकानदार वेगमर्यादा काढून देण्याचे आमिष दाखवतात. त्याला भुलू नका. मर्यादा ओलांडली की ती कायद्याने मोटारगाडी ठरते आणि नोंदणी, परवाना, विमा हे सारे लागू होते.

मोटर कुठे बसवली आहे?

मोटरची ताकद मर्यादितच असल्याने ती चाकापर्यंत कशी पोहोचते, हे महत्त्वाचे. स्वस्त सायकलींत मोटर बहुधा मागच्या चाकाच्या मध्यभागी असते. सायकलचे गिअर बदलले तरी तिला त्याचा उपयोग होत नाही. चढावर चाक हळू फिरू लागले की विजेचा मोठा भाग उष्णतेत वाया जातो आणि मोटर तापते. सौम्य किंवा छोट्या चढांसाठी ही सायकल पुरेशी आहे. त्यातही जिच्या आत दातेरी चक्रे असतात, ती मोटर चढाला अधिक बरी.

दुसऱ्या प्रकारात मोटर पायडलपाशी असते आणि तिचा जोर साखळीतून जातो. तुम्ही हलका गिअर टाकलात की मोटरलाही तो मिळतो. लांब, तीव्र चढासाठी हीच उत्तम. मात्र तिची किंमत बरीच जास्त असते आणि साखळी लवकर झिजते. दोन सायकलींची तुलना करताना 'टॉर्क' किती, हे जरूर विचारा. तो न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. चाकातल्या मोटरचा टॉर्क साधारण ३० ते ४०, तर पायडलजवळच्या चांगल्या मोटरचा ६० ते ९० असतो.

बॅटरीचा हिशेब

'एका चार्जमध्ये ६० किलोमीटर' असली जाहिरात सपाट रस्त्याची असते. चढाचा हिशेब वेगळा. बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. वरचे १०० किलो ओझे १०० मीटर उंच नेण्यासाठी बॅटरीतून सुमारे ४० वॅट-अवर खर्च होतात. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना उंची सुमारे साडेपाचशे मीटरने वाढते. पाय न मारता गेलात, तर जेमतेम १२ किलोमीटरच्या या रस्त्यात २२० वॅट-अवर संपतील! शिवाय काही वर्षांनी बॅटरीची क्षमता घटते, तेव्हा गरजेपेक्षा दीडपट बॅटरी घेतलेली बरी. नवी बॅटरी केवढ्याला मिळते, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

उतरण्याचा विचार

चढताना मोटर दमली तर फार तर चालावे लागेल. उतरताना ब्रेक दमले तर जिवावर बेतेल. म्हणून दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेतच. ब्रेक दाबताच मोटर बंद होते का, तेही पाहा. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. थोडा वेळ दाबा, सोडा, पुन्हा दाबा. मधूनमधून थांबून त्यांना थंड होऊ द्या.

दुकानदाराला काय सांगाल?

सायकल तुमच्या नेहमीच्या चढावर, नेहमीच्या सामानासह चालवून पाहण्याचा आग्रह धरा. चढाच्या मध्यावर थांबा आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करून बघा. वर पोहोचल्यावर मोटरजवळ हात न्या. चटका बसण्याइतकी ती तापली असेल, तर दुसरी सायकल पाहा. ढकलताना मोटरची साथ देणारी सोय आहे का, तेही विचारा.

त्या शिक्षिकेची सायकल दुकानदाराने परत घेतली नाही. आता त्या ती सपाट भागातच चालवतात आणि शेवटच्या चढाखाली एका ओळखीच्या घरी लावून पायी वर जातात. त्यांच्या धाकट्या बहिणीने मात्र यंदा सायकल घेताना दुकानदाराला आधी त्याच चढावर बोलावले. दोन सायकली नापास झाल्या, तिसरी घरी आली.