वणव्याच्या वाटेवरची दोन तळी

अक्कलकोटच्या बाजारपेठेत तूर-उडदाची आडत चालविणाऱ्या एका दांपत्याने विवाहाच्या तिसाव्या वाढदिवशी समारंभ टाळला आणि एक दिवस डोंगरात पायी फिरण्याचे ठरविले. मार्चअखेरच्या हिशेबांची धांदल अजून सुरू व्हायची होती. फाल्गुनातील त्या पहाटे साताऱ्याच्या मुक्कामाहून दोघे निघाले, तेव्हा पिशवीत उकळून गार केलेले पाणी, खाकरे आणि मुगाच्या डाळीचा कोरडा फराळ होता. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, म्हणजे त्याआधी साताऱ्यास परत यायचे, एवढा एकच नियम दिवसाला होता.

साताऱ्यापासून कासचे पठार सुमारे पंचवीस किलोमीटर. यवतेश्वराचा घाट चढताना उजाडू लागले आणि डोंगरउतार काळे दिसू लागले. प्रथम ती सावली वाटली. जवळ आल्यावर कळले की वणव्याने गवत जळून गेले आहे. करवंदीच्या जाळ्यांचे नुसते काटक उरले होते आणि वाऱ्याबरोबर राखेचा वास येत होता.

समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास असलेले हे पठार जांभ्या खडकाचे आहे. खडकावर मातीचा थर अगदी पातळ, आणि त्या थरावर भाद्रपद-आश्विनात फुलांचे गालिचे पसरतात. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कास आहे. येथील टोपली कारवी साधारण सात वर्षांतून एकदा फुलते. फुलण्याआधीच झुडूप जळून गेले, तर वर्षानुवर्षांची सारी वाट पाहणे वाया जाते.

कास तलावाच्या काठी दोघांनी फराळ केला. ब्रिटिश काळात बांधलेला हा तलाव आजही सातारा शहरास पाणी पुरवितो. पलीकडच्या झाडीचे हिरवे प्रतिबिंब पाण्यात स्थिर होते. तेथून जुन्या राजमार्गाने तास-दीड तास चालले की कुमुदिनी तलाव लागतो. पावसाळ्यानंतर पांढऱ्या नाजूक फुलांनी हे उथळ तळे भरून जाते, त्यावरूनच त्याचे नाव पडले. उन्हाळा जवळ आल्याने आता पाणी काठापासून मागे सरले होते.

याच वाटेवर एका जळलेल्या पट्ट्यात बाईंची पावले थबकली. काळ्या राखेत पांढरे ठिपके विखुरले होते. त्या वाकल्या. ते गोगलगाईंचे रिकामे शंख होते. बोट लावताच एक शंख चुरला. तेवढ्यात डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली. जमिनीवर घरटे करणारा हा पक्षी. तिची अंडी जवळपास असावीत, हे ओळखून दोघेही आल्या पावली मागे फिरले आणि लांबचा वळसा घेऊन पुढे गेले.

काही वेळाने बाई म्हणाल्या, “अहो, आपला बांधही दरवर्षी असाच दिसतो ना?”

त्यांनी उत्तर दिले नाही. गावाबाहेरची त्यांची थोडी शेती बटाईने दिलेली आहे. वाळलेले गवत जाळले की पुढच्या पावसात ते जोमाने येते, असे वडिलांपासून ऐकलेले. बटाईदार काडी लावी आणि त्याबद्दल कोणी कधी विचारले नाही.

ही समजूत गावोगावी आहे. जळाल्यानंतर गवत हिरवे दिसते हे खरे; पण ते मुळांतील साठ्यावर फुटते, आणि वरचे वाळके गवत नाहीसे झाल्याने अधिक उठून दिसते. राखेचा बराचसा भाग पहिल्या जोरदार सरीबरोबर वाहून जातो. उघडी पडलेली मातीही धुपते आणि अखेर खालच्या तळ्यात गाळ होऊन बसते. नवी रोपे, अळ्या, किडे, सरडे आणि जमिनीवरची घरटी पुन्हा भरून येत नाहीत ती वेगळीच. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. वनविभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो. तरीही एक निष्काळजी काडी सारा डोंगर पेटवू शकते. सोलापूरकरांना तर हे घराजवळच दिसते. नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. हा पक्षी बहुधा एकच अंडे घालतो, आणि तेही गवतातील उघड्या जमिनीवर.

दिवस मावळण्यापूर्वी दोघे साताऱ्यास पोहोचले. जेवण वेळेत झाले. बोलणे मात्र फारसे झाले नाही.

अक्कलकोटला परतल्यावर त्यांनी बटाईदारास बोलावून यंदा बांध जाळू नये, असे सांगितले. तो संकोचून म्हणाला, “शेठजी, कापायचं म्हटलं तर मजुरी लागते. काडीला काय लागतंय?” प्रश्न रास्त होता. मजुरी कोणी सोसायची, हे ठरल्याशिवाय नुसत्या उपदेशाने काडी थांबणार नव्हती. शेठजींनी वहीत त्या दिवसाच्या खर्चाच्या बाजूस गवतकापणीची रक्कम मांडली. कापलेले गवत पांजरपोळात पाठवायचे ठरले.

बाईंनी राखेतून उचलून आणलेला एक अखंड शंख अजून गल्ल्याशेजारी आहे. कोणी विचारले, तर शेठजी आधी कासचे पाणी किती निळे होते ते सांगतात आणि मग शंखाची गोष्ट.