शाखा जोडताना मधली दारेही हवीत

पुणे, खास प्रतिनिधी – शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेच्या डेबिट कार्डांच्या बनावट प्रती वापरून काही तासांत २८ देशांतील एटीएममधून पैसे काढण्यात आले. परदेशात सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी आणि देशात २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी रुपये गेले. सोमवारी ‘स्विफ्ट’ यंत्रणेद्वारे आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आले. एकूण ९४ कोटी ४२ लाख! या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले.

हे घडले कसे? एटीएममध्ये कार्ड घातले की विनंती ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेकडे येते. ती बँकेच्या मूळ प्रणालीला शिल्लक विचारते आणि होकार आल्यावरच पैसे बाहेर पडतात. चोरांनी या मार्गात बनावट स्विच उभा केला आणि तोच परस्पर मंजुरी देत राहिला. मूळ प्रणालीला प्रश्न विचारलाच गेला नाही.

बँकेचा पसारा मोठा असतो हे खरे. परंतु शिवाजीनगरला मुख्य कचेरी, भोसरीत कारखाना आणि वाघोलीत गोदाम असलेल्या मध्यम उद्योगापुढेही प्रश्न तोच असतो. कोणत्या संगणकाने कोणाशी बोलावे आणि कोणाशी बोलू नये, हे ठरविणे म्हणजेच जाळ्याचे नियोजन. आपल्याकडे मात्र आधी राऊटर विकत घेतला जातो आणि विचार नंतर होतो.

पहिली अडचण बहुधा पत्त्यांची येते. प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता लागतो. बाजारातील अनेक राऊटर १९२.१६८.१ या एकाच मालिकेतील पत्ते वाटतात. तिन्ही कचेऱ्या स्वतंत्र असेपर्यंत काही बिघडत नाही. त्या जोडल्या की भोसरीचा छपाईयंत्राचा पत्ता आणि वाघोलीच्या संगणकाचा पत्ता एकच निघतो. त्यामुळे शिवाजीनगरला १०.१.०, भोसरीला १०.२.०, वाघोलीला १०.३.० अशा मालिका आरंभीच वाटून द्याव्यात. अशा एका मालिकेत २५४ यंत्रे बसतात. चौथी शाखा निघाली तर १०.४.० तयारच असते.

जोडणीसाठी पूर्वी लीज्ड लाइन हाच राजमार्ग होता. आता साध्या ब्रॉडबँडवर ‘व्हीपीएन’चा सांकेतिक बोगदा काढून काम भागते. मात्र वेगाचे गणित मांडलेले बरे. एक गिगाबाइटची फाइल १० मेगाबिट वेगाच्या वाहिनीवरून पाठवायला सुमारे साडेतेरा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ बाकीच्यांचे काम रेंगाळते. जाहिरातीतला वेग पुष्कळदा उतरवून घेण्याचा असतो. पाठविण्याचा वेग त्याहून कमी असू शकतो, हे करार करतानाच विचारून घ्यावे.

पुण्यात तर रस्तेखोदाईची पहार केव्हा तारेवर पडेल याचा नेम नाही. म्हणून दोन कंपन्यांच्या वाहिन्या घेण्याची पद्धत आहे. पण दोन्ही केबल एकाच चरातून इमारतीत येत असतील तर एकाच घावात दोन्ही तुटतात. बिले मात्र दोन! दुसरी वाहिनी वेगळ्या वाटेने, नाहीतर मोबाइल जाळ्यावरून घ्यावी.

मुख्य काम मात्र आतल्या भिंतींचे. व्हीपीएनमुळे बाहेरचा चोर बोगद्यात डोकावू शकत नाही. पण गोदामातील एका संगणकात विषाणू शिरला, तर तोच सुरक्षित बोगदा त्याला थेट लेखा विभागापर्यंत पोहोचवतो. यावर उपाय म्हणजे जाळ्याचे ‘व्हीलॅन’ पद्धतीने कप्पे करणे. हिशेबाचे संगणक एका कप्प्यात, सीसीटीव्ही दुसऱ्या, पाहुण्यांचे वायफाय तिसऱ्या. कप्प्यांमध्ये फायरवॉल बसवावी आणि तिचा नियम ‘जे लागेल तेवढेच उघडे’ असा ठेवावा. गोदामाला साठ्याची नोंद करण्यापुरती वाट हवी, पगारपत्रकाची नको. कप्पे केले आणि फायरवॉलवर सर्वांना सर्वत्र मुभा दिली, तर खर्च होतो आणि संरक्षण शून्य.

हे काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे देण्यास हरकत नाही. मात्र जाळ्याचा नकाशा, पत्त्यांची यादी आणि परवलीचे शब्द मालकाच्या ताब्यात असावेत. कंत्राटदार बदलला आणि नकाशा त्याच्याबरोबर गेला, तर साधा बिघाड शोधायलाही दिवस जातात.

नोंदी ठेवण्याची सक्ती तर कायदेशीरच आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. संगणकांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली असावीत, असेही त्यात म्हटले आहे. भोसरीचे घड्याळ सात मिनिटे पुढे असेल, तर चोर आधी कोणत्या कचेरीत शिरला हे नोंदींवरून उलगडणे कठीण होते.