कुत्रा सापाला पळवतो, आणि इतर समजुती

माणसाला साप चावला की आता निदान गाडी तरी बाहेर निघते. मांत्रिकाकडे नेणारे अजून संपलेले नाहीत, पण गर्दीतला एखादा तरी ‘आधी दवाखान्यात न्या’ म्हणून ओरडतो. तोच साप अंगणातल्या कुत्र्याला किंवा दावणीच्या गाईला चावला, की माणसाच्या बाबतीत आपण सोडून दिलेले सगळे उपाय परत बाहेर येतात. जखमेवर कोंबडीचं गुद दाबून धरणं, देवळाला फेऱ्या घालणं, तूप पाजणं, ब्लेडने चिरा देणं. जनावर बोलत नाही, पशुवैद्य लांब असतो आणि औषध महाग पडेल अशी धास्ती असते. त्यात जो वेळ जातो, त्या वेळात जनावरही जातं.

शेतावर, वस्तीवर, फार्महाऊसवर राहणाऱ्यांची महाराष्ट्रात मुख्यतः चार विषारी सापांशी गाठ पडते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. पहिल्या दोघांचं विष प्रामुख्याने मज्जातंतूंवर जातं. नागाच्या दंशाला सूजही येते. घोणस आणि फुरशाचं विष रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडवतं, आणि घोणशीचं मूत्रपिंडही खातं. कोकणातल्या कातळसड्यांवर फुरसं इतकं होतं की एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात ते मारण्यासाठी बक्षीस लावलं होतं, आणि वर्षाला लाखांच्या संख्येने फुरशी मारली जात होती. फुरसं अजूनही तिथे आहे.

‘दारात कुत्रा असला की साप येत नाही’

साप येतो. फक्त तो आलेला आपल्याला लवकर कळतो, आणि त्याची किंमत बऱ्याचदा कुत्रा मोजतो. कुत्रा जग नाकाने तपासतो. गवतात काही हललं की तो तोंड खाली घालून पुढे जातो, त्यामुळे दंश बहुतेक वेळा नाकावर, ओठावर, गालावर किंवा पुढच्या पायावर होतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार काढते, तो मागे सरकण्याचा इशारा असतो. कुत्र्याला मात्र ते आव्हान वाटतं. कारवानीसारखी शिकारी रक्ताची कुत्री तर झेपच घेतात.

त्यात आपण मागून ‘छू’ करतो. ही सवय मला सगळ्यात घातक वाटते. साप दिसल्यावर करायचं ते एवढंच: कुत्र्याला मागे बोलवायचं, बांधायचं किंवा खोलीत कोंडायचं, आणि साप नजरेआड होऊ न देता लांबून पाहत राहायचं. मग सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. हाक मारल्याबरोबर हातातलं सोडून परत येणारा कुत्रा शेतावर फार मोलाचा. ते पिल्लू असतानाच भाकरीच्या तुकड्यावर शिकवता येतं. साप मारू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहेच, शिवाय मारायला जवळ गेलं की चावलं जाण्याचा धोका वाढतो.

मांजराला विष चढत नाही, असंही म्हणतात. यात थोडं तथ्य आहे, पण फार थोडं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली तिथल्या ईस्टर्न ब्राउन या सापाच्या दंशाबद्दल लिहिलं, की प्रतिविष न मिळालेल्या मांजरांपैकी ६६ टक्के वाचतात, कुत्र्यांपैकी ३१ टक्के. त्या विषाने कुत्र्याच्या रक्तातले गोठवणारे घटक जास्त वेगाने कामाला लागतात आणि संपतात. मांजर पंजाने डिवचतं, नाक पुढे करत नाही, हाही फरक आहे. पण तो साप आपल्याकडे नाही, आणि तिथेही तीनातलं एक मांजर मेलंच. मुंगसाची गोष्ट वेगळी. नागाचं विष स्नायूंवरच्या ज्या जागी जाऊन चिकटतं, ती जागाच मुंगसात बदललेली असते. तरीही तो विषाला पूर्ण अभेद्य नाही. त्याचा खरा भरवसा चपळाईवर असतो.

‘फिनाइल शिंपडलं की साप फिरकत नाही’

फिनाइल, कार्बोलिक, गंधक, डांबरगोळ्या, लसणाचं पाणी, दाराशी सर्पगंधा. यातल्या कशानेही साप अडत नाही. उलट घरात मांजर असेल तर फिनाइल आणि कार्बोलिक हेच विष. मांजर त्यावरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि फिनॉलच्या जातीची रसायनं पचवून बाहेर टाकण्याची ताकद त्याच्या यकृतात फार कमी असते. डांबरगोळी कुत्र्याने गिळली तर त्याच्या रक्तपेशी फुटतात. न आलेल्या सापासाठी घरच्या जनावराला विषबाधा, असा हा सौदा आहे.

साप वासाने जात नाही, कारण तो भक्ष्यामागे येतो. म्हणून उंदीर, घुशी, बेडूक आणि अंडी कुठे आहेत ते पाहावं. रात्री कुत्र्याच्या थाळीत उरलेली भाकरी तशीच राहिली की पहाटेपर्यंत उंदीर येतात. पेंडीचं पोतं उघडं, कोंबडीखाद्य सांडलेलं, कडब्याची गंजी गोठ्याला टेकून, गोवऱ्या आणि सरपण भिंतीलगत. गंजी आणि सरपण घरापासून लांब, जमिनीपासून फूटभर उंच फळीवर रचलं तर खालून पाहता येतं. गडग्याचे दगड ढिले झाले असतील तर सांधे भरून घ्यावेत. खुराड्याला पाव इंचाची लोखंडी जाळी लावावी. नायलॉनच्या जाळ्यात साप अडकतो, आणि अडकलेला साप मोकळ्या सापापेक्षा वाईट. ओसरीवरच्या दिव्याखाली किडे, किड्यांमागे बेडूक, बेडकांमागे साप अशी साखळी पावसाळ्यात रोज रात्री लागते. कुत्र्याची झोपायची जागा त्या दिव्याखाली नसावी.

‘धामण गाईचं दूध पिते’

गाईच्या मागच्या पायांना विळखा घालून धामण आचळ चोखते, ही गोष्ट इतक्या ठामपणे सांगितली जाते की सांगणाऱ्याने ते पाहिलंच असावं असं वाटतं. सापाला चोखता येत नाही. त्याला तसे ओठ नाहीत, गाल नाहीत, आणि धामणीचे दात आत वळलेले, सुईसारखे असतात. ते आचळाला लागले तर गाय उभी राहणार नाही, लाथ मारील. दूध अचानक कमी झालं किंवा त्यात रक्त दिसलं, तर कारण बहुधा कासदाह असतो, नाहीतर रात्री सुटलेलं वासरू. सापावर आळ घेतल्याने कासदाहाचे पहिले दिवस फुकट जातात आणि आचळ निकामी होतं. धामणीने म्हशीच्या नाकात शेपूट घातली की म्हैस मरते, हीसुद्धा निव्वळ कहाणी. धामण बिनविषारी आहे, आणि गोठ्यातले उंदीर तिच्याइतके कुणी खात नाही.

‘डोकं तिकोनी असलं तरच विषारी’

या एका खुणेवर विसंबणाऱ्याला मण्यार फसवते. तिचं डोकं तिकोनी नाही, नागाचंही नाही. मण्यारीच्या काळ्या अंगावर पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट असतात. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हात घालणारे दरवर्षी निघतात. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या तीन ओळींत गोल ठिपके असतात. तिच्यासारखी दिसणारी बिनविषारी डुरक्या घोणस आखूड, बोजड, आखूड शेपटीची. पण संध्याकाळच्या अंधारात, भुंकणाऱ्या कुत्र्याच्या गडबडीत हे सगळं पाहता येईलच असं नाही, आणि पाहण्याची गरजही नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर प्रतिविषाची कुपी एकच असते. लांबून फोटो मिळाला तर घ्यावा, नाहीतर सोडून द्यावं. सह्याद्रीतला आणि कोकणच्या बागांमधला हिरवा चापडा मात्र या प्रतिविषाच्या कक्षेत येत नाही. त्याच्या दंशाने सूज आणि वेदना खूप होतात, उपचार लक्षणांवर करावे लागतात.

घोणस पिल्लं घालते, अंडी नाही, आणि साधारण मे ते जुलैत ती पिल्लं शेतात पसरतात. त्यांना जन्मतःच विष असतं. पिल्लू सापाचं विष मोठ्यापेक्षा जास्त भयंकर, हे खरं नाही, कारण ते सोडतं तेच थोडं. पण कुत्र्याच्या सहा इंची पिल्लाला ते थोडंही पुरतं. मेलेल्या सापाशी कुत्र्याला खेळू देऊ नये. तुटलेलं डोकंसुद्धा बराच वेळ चावू शकतं.

‘सूज नाही म्हणजे विष नाही’

मण्यार रात्री फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणा केसांत सापडत नाहीत. सकाळी अंगणात कुत्रा मरून पडलेला दिसतो आणि संशय शेजाऱ्यावर जातो: कुणीतरी विष घातलं. बांधाचं जुनं भांडण असेल तर मग काही विचारायलाच नको. कुत्रं जिवंत सापडलं तर पापण्या गळालेल्या, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात, भुंकण्याचा आवाज बदललेला. रेबीजच्या भीतीनेही अशा कुत्र्याला हात लावत नाहीत. सावध राहावंच, हातमोजे घालावेत. पण या लक्षणांमागे साप असू शकतो हे ध्यानात असावं.

घोणस किंवा फुरसं चावलं तर चेहरा झपाट्याने सुजतो, जखमेतून रक्त थांबत नाही, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येतं. पशुवैद्य यासाठी एक साधी तपासणी करतो: कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही, तर विष रक्तात भिनलं आहे.

काही दंशांत साप विष सोडतच नाही, आणि पुष्कळ साप बिनविषारी असतात. मांत्रिकाचा लौकिक या दोन गोष्टींवर उभा आहे.

चावल्यावर

पट्टा, घुंगरू, नाकातली दोरी लगेच काढा. सूज वाढली की तोच फास होतो. तोंड सुजलेल्या कुत्र्याला मुसकं बांधू नका, त्याचा श्वास कोंडतो; चावेल अशी भीती असेल तर चादरीत गुंडाळून उचला. चालवू नका. पायाला दोरीने करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, बर्फ लावू नका. तूप, दूध, काढा काही पाजू नका. विषाने गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, बांबूच्या नळीने बैलाच्या घशात ओतलेलं तेल सरळ फुप्फुसात जातं.

घरातल्या गोळ्यांचंही तेच. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं. आयबुप्रोफेन कुत्र्याचं मूत्रपिंड बिघडवतं, जे घोणशीनेही बिघडवलेलं असतं. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ साली गिधाडं वाचावीत म्हणून बंदच झालं.

‘लहान जनावराला औषध थोडं पुरेल’ हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आहे. प्रतिविष जनावराच्या वजनावर नाही, सापाने सोडलेल्या विषावर ठरतं. एका कुपीत दहा मिलिलिटर, आणि एक मिलिलिटर घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं, म्हणजे कुपीला सहा मिलिग्रॅम. घोणशीच्या एका दंशात सरासरी साठेक मिलिग्रॅम विष येतं. दहा कुप्यांचा हिशोब इथून येतो, आणि तो दहा किलोच्या कुत्र्याला आणि माणसाला सारखाच लागू होतो. पैशांमुळे पशुवैद्य पुष्कळदा कमी कुप्यांवर भागवतात, आणि सगळेच दंश पूर्ण नसल्यामुळे बरीच जनावरं त्यातूनही वाचतात. हे प्रतिविष घोड्यांना विषाचे वाढते डोस देऊन त्यांच्या रक्तातून बनवतात. ‘हाफकिन’ ही सरकारी कंपनी ते पिंपरीत करते. घोड्याचीच प्रथिनं असल्याने तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ॲड्रेनालिन हाताशी ठेवूनच ते शिरेतून दिलं जातं. मेडिकलमधून कुपी आणून घरी टोचणं हा वेगळाच धोका आहे.

जनावरांसाठी वेगळं प्रतिविष आपल्याकडे नाही, माणसांचंच वापरतात. ते प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात असेलच असं नाही. म्हणून पावसाळ्याआधीच दोनतीन ठिकाणी फोन करून कुणाकडे साठा असतो, रात्री कोण उघडं असतं हे लिहून ठेवावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. निघतानाच फोन केला तर डॉक्टर तयारीत राहतो.

घोणशीच्या दंशातून उठलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी शेपटी हलवतो, भाकरी खातो, आणि मालक औषधं बंद करतो. मूत्रपिंड मात्र तीनचार दिवसांनीही बसू शकतं. लघवी कमी झाली, लालसर-तपकिरी दिसली, उलट्या सुरू झाल्या, तर परत न्यावं. तसं काही दिसलं नाही तरी आठवडाभरात रक्तातलं क्रिएटिनिन एकदा तपासून घ्यावं.