क्लच संपतो कुठे? वेगात नव्हे, आरेच्या चढावर

मोठ्या इंजिनाच्या गाडीचा क्लच गेला की मित्रमंडळींचा निकाल तयार असतो: "दामटली असणार!" एक्स्प्रेस-वेवर पळवली, गिअर झटपट बदलले, म्हणून प्लेट जळली. दिसायला हे पटण्यासारखं आहे. पण बहुतेक वेळा गुन्हेगार एक्स्प्रेस-वे नसतो, गोरेगावहून आरेमार्गे मरोळ-पवईकडे जाणारा रस्ता असतो.

मुंबईतले गोठे शहराबाहेर नेण्यासाठी 1949 साली आरेची दूध वसाहत उभी राहिली. म्हशी आणि दुधाच्या गाड्यांसाठी पुरेसा असलेला तिथला रस्ता आता जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता तुंबला की इकडे वळणारा सगळा लोंढा सोसतो. चढ, उतार, गतिरोधक, मधेच रस्ता ओलांडणारा म्हशींचा कळप. गाडी दहा फूट पुढे, थांब, पुन्हा दहा फूट. क्लचचं आयुष्य खरं इथे खर्च होतं.

कारण क्लच झिजतो तो घसरताना. इंजिनाचं फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सकडे जाणारी प्लेट एकाच गतीने फिरत असतील तर ताशी दीडशेच्या वेगातही लायनिंग घासलं जात नाही. दोघांच्या फेऱ्यांत फरक असताना पेडल अर्धवट दाबलेलं असेल, म्हणजे आपला तो 'हाफ क्लच', तेव्हाच उष्णता तयार होते. पळत्या गाडीत गिअर नीट बदलला तर ही घसरण क्षणार्धात संपते. उभी गाडी हलवताना ती सर्वांत लांबते. सपाट रस्त्यावर गाडी उठवताना इंजिनाच्या फेऱ्या स्थिर धरल्या, तर क्लचमध्ये तयार होणारी उष्णता ढोबळमानाने गाडीने कमावलेल्या गतिज ऊर्जेइतकीच असते. म्हणून दीड हजार फेऱ्यांवर गाडी उचलली आणि तीन हजारांवर उचलली, तर दुसऱ्या वेळी उष्णता चौपट. गतिरोधकावरून आळसाने दुसऱ्या गिअरमध्येच गाडी उचलायची सवय असेल तर तीही पहिल्या गिअरच्या तुलनेत तिपटीच्या घरात जाते. सिग्नलवर चार-पाच हजार फेऱ्या चढवून क्लच सोडणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. त्यांची प्लेट त्यांच्या कर्माने जाते.

चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं हे सर्वांत वाईट. बाराशे किलोची गाडी, दहाला एक असा चढ आणि हजार फेऱ्यांवर इंजिन, असा हिशेब मांडला तर क्लचमध्ये सुमारे अडीच किलोवॉट उष्णता सतत ओतली जाते. न्हाणीघरातला गीझर साधारण दोन किलोवॉटचा असतो, आणि त्याच्याजवळ निदान थंड पाणी तरी असतं. इथे वीतभर व्यासाची कोरडी चकती आहे, तीही बंद पेटीत. अशा चढावर हँडब्रेक ओढावा आणि क्लच चावायला लागल्यावर सोडावा. ज्यांना हे कमीपणाचं वाटतं त्यांनी नव्या क्लचचं बिल एकदा पाहावं.

याच्या उलटाही एक गैरसमज आहे: पेडल पूर्ण दाबून सिग्नलला उभं राहिलं तरी प्लेट जळते म्हणे. नाही. पूर्ण दाबल्यावर प्लेट मोकळी असते. झिजतं ते रिलीज बेअरिंग, म्हणून न्यूट्रल करून पाय काढणं बरं.

दुसरा समज असा की ताकदवान गाडीला कंपनीनेच ताकदवान क्लच दिलेला असतो, मग काळजी कशाला? या गाड्यांची महाराष्ट्राला चांगली ओळख आहे. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस 2004 मध्ये आली, दीडशे अश्वशक्तीची. चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय 2013 ची, 175 न्यूटन-मीटर टॉर्कची. रांजणगावच्या कारखान्यातली अबार्थ पुंटो 2015 ची, 145 अश्वशक्ती आणि 212 न्यूटन-मीटरची. क्लच किती टॉर्क पेलेल हे घर्षण, प्रेशर प्लेटचा दाब आणि प्लेटचा आकार यांवर ठरतं. कंपनी त्यात थोडी सवलत ठेवते, पण ती नव्या क्लचची असते. टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवरच पूर्ण टॉर्क देतं, त्यामुळे झिजलेला क्लच आधी वरच्या गिअरमध्ये, मधल्या फेऱ्यांवर, भरपूर अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर सुटतो: टॅकोमीटरची सुई उडी मारते, गाडी मात्र तिथेच. गॅरेजवाले म्हणतात, "क्लच स्लिप मारतोय." क्लच असा सुटतो का, ही चाचणी मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर घ्यावी, आरेत नव्हे. तिथे बिबट्यांचा वावर आहे, शिवाय रस्त्याच्या कडेने माणसं चालत असतात.

रीमॅप करून टॉर्क वाढवला आणि आठवड्याभरात क्लच स्लिप व्हायला लागला, तर रीमॅपने क्लच 'खाल्ला' असं नसतं. तो बहुधा आधीच झिजलेला होता. कंपनीच्या टॉर्कवर कसाबसा तग धरून होता, इतकंच. मग कोणीतरी सुचवतं, रेसिंग क्लच टाक. सिरॅमिक किंवा धातूच्या तुकड्यांची प्लेट ताप सोसते हे खरं, पण ती एकदम पकडते. ट्रॅकवर ठीक. मरोळच्या रांगेत गाडी प्रत्येक वेळी झटका देऊन उठेल आणि डावा पाय आठवड्यात रडेल. रोजच्या गाडीला जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि नेहमीच्या लायनिंगची प्लेट हे माझ्या मते शहाणपणाचं.

"माझी ऑटोमॅटिक आहे, तिला क्लच नाही," हेही नेहमीचं. पोलो जीटी टीएसआयच्या डीएसजी गिअरबॉक्समध्ये एक नव्हे, दोन क्लच आहेत आणि दोन्ही कोरडे. ऑक्टाव्हिया आरएसची 2017 ची आवृत्ती सहा गिअरच्या डीएसजीसह आली. तिचे क्लच तेलात बुडालेले असतात, म्हणून उष्णता वाहून जायला वाट मिळते. कोरड्या जोडीला ही चैन नाही. पुढच्या गाडीच्या मागे इंच इंच सरकत राहिलं की संगणक तुमच्या वतीने हाफ क्लच करत असतो. थोडं अंतर पडू द्यावं, मग एकदम पुढे जावं. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने नव्हे, ब्रेकने थांबावं. हे क्लच बदलायला खास अवजारं लागतात आणि नंतर संगणकाकडून पकडीची नोंद नव्याने करून घ्यावी लागते. ते काम नाक्यावरच्या कोणाकडेही सोपवू नये.

गिअर पडत नाही, रिव्हर्सला खरखर होते, म्हणून प्लेट बदलून घेणारेही भेटतात. झिजलेली प्लेट घसरते. गिअर अडतो तो बहुधा क्लच नीट सुटत नाही म्हणून. तिथे आधी द्रवाची पातळी, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरची गळती पाहावी. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डब्यातला द्रव वापरतात, तेव्हा ही गळती दुर्लक्ष करण्याजोगी नव्हेच.

आता बदलण्याबद्दल. "फक्त प्लेट टाका, बाकी चालेल" यात बचत नाही. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ड्राइव्हशाफ्ट काढून, गिअरबॉक्स खाली उतरवून मगच क्लचपर्यंत हात पोचतो. मजुरीचा मोठा भाग या उतरवण्याचा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावं. ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर त्याच्या दोन भागांमधला खुळखुळाट तपासावा. साध्या फ्लायव्हीलसारखं लेथवर घासून ते सहसा वाचवता येत नाही. नवा क्लच बसल्यावर पाचशे-आठशे किलोमीटर शांतपणे चालवावं, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवर बसतात.

जुने भाग भंगारात जाण्याआधी मागून घ्या. लायनिंग रिव्हेटपर्यंत सारखं झिजलेलं असेल तर वयाने गेलं. प्रेशर प्लेटवर निळे डाग आणि बारीक तडे असतील तर चढावरच्या सवयी बदला. प्लेट तेलकट असेल, तर क्रँकशाफ्टचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळतंय, आणि ते गिअरबॉक्स पुन्हा वर चढण्याआधीच बदलायला हवं. नाहीतर नवी प्लेटही त्याच तेलात भिजेल.