लग्नानंतरची तुळस

कार्तिक शुद्ध एकादशीला भगवान श्रीविष्णू चातुर्मासाच्या योगनिद्रेतून जागे होतात आणि द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत घरोघरी तुळशीच्या लग्नाची धांदल उडते. वृंदावनाला गेरूचा हात दिला जातो, उसाचा मांडव उभा राहतो, चिंचा-आवळे मुळाशी ठेवले जातात, बाळकृष्ण पाटावर येतो आणि आंतरपाट धरून मंगलाष्टके म्हटली जातात. दुसऱ्या दिवशी ऊस मुले खाऊन टाकतात, झेंडूच्या माळा सुकतात, आणि ज्या वधूचे एवढे कौतुक झाले तिच्याकडे पाणी घालण्यापलीकडे कोणी लक्ष देत नाही. पुष्कळ घरांतली तुळस पुढचा कार्तिक पाहत नाही, ही गोष्ट आपण उघडपणे बोलत नाही, कारण तुळस सुकणे हा अपशकुन मानला जातो आणि त्याचे बोट बहुधा घरातल्या गृहिणीकडे वळते.

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीला आम्ही अनेक वर्षे जात आलो आहोत. तानसा नदीचे खोरे, भीमेश्वर महादेवाचे देवालय, त्यालगतची उष्णोदकाची कुंडे आणि दि. ८ ऑगस्ट १९६१ रोजी महासमाधी घेतलेल्या स्वामी नित्यानंदांचे समाधिमंदिर, यांमुळे हे लहानसे गाव महाराष्ट्राबाहेरही ठाऊक झाले. जवळच वज्रेश्वरी. वसईचा किल्ला सर झाल्यास देवीचे मंदिर बांधीन असा नवस चिमाजी आप्पांनी केला आणि १७३९ च्या विजयानंतर तो फेडला, ही हकीकत बहुतेक भाविकांना माहीत असते. या परिसरातल्या जुन्या घरांपुढे आजही वृंदावने आहेत. गावाचे नाव गणपतीचे. ज्या देवाला एरवी तुळस वर्ज्य, त्याचे! ब्रह्मवैवर्त पुराणात तुळशीने गणेशाला वरण्याची इच्छा केली व दोघांनी एकमेकांना शाप दिले अशी कथा आहे. तरी भाद्रपदातल्या चतुर्थीच्या पत्रीत मात्र तुळशीला मानाचे स्थान आहेच. आणि गावात महादेव असल्यामुळे लग्नाच्या त्याच पर्वातली वैकुंठ चतुर्दशीही लक्षात घ्यावी लागते. त्या एका रात्री शिवाला तुळस आणि विष्णूला बेल वाहण्याची परंपरा आहे. शैव-वैष्णवांचे भांडण एका पानाने मिटवणारी आपली परंपरा मोठी रसिक म्हटली पाहिजे.

गणेशपुरीनेच आम्हांला तुळशीविषयी पहिला धडा शिकवला, आणि तो आमच्याच चुकीतून. एका वर्षी कुंडातले पाणी तीर्थ म्हणून कळशीभर घरी आणले. इतके पवित्र पाणी, मग ते कुंडीतल्या तुळशीला का नको, असे वाटून काही दिवस तेच घातले. पंधरवड्यात पानांच्या कडा करपल्या, शेंडे माना टाकू लागले. घरात दोन दिवस कोणी धड बोलेना. पुढे उलगडा झाला तो असा: कोकणपट्टीतील गरम झऱ्यांच्या पाण्यात जमिनीच्या पोटातून विरघळून आलेले क्षार पुष्कळ असतात. अंगाला ते पाणी सोसते. कुंडीत मात्र पाणी उडून जाते आणि मीठ मुळांशी साचत राहते. तीर्थ असेल तर दोन थेंब शिंपडावेत. तेवढ्याने भक्ती उणी होत नाही.

असेच दुधाचे, हळद-कुंकवाचे आणि साखरपाण्याचे. अभिषेकाचे दूध कुंडीत ओतले की माती आंबते, मुंग्या लागतात. हळद-कुंकू वृंदावनाच्या भिंतीला किंवा समोर ठेवलेल्या पाटावर वाहावे. पानांवर त्याचा थर बसला तर पान प्रकाश कसे घेणार? लग्नाच्या दिवशी साडी नेसवताना सुतळी आवळून बांधू नये आणि समई पानांपासून हातभर दूर असावी. विवाहाच्या रात्रीच होरपळलेल्या तुळशी आम्ही पाहिल्या आहेत.

सर्वांत मोठा शत्रू मात्र पाणीच. ठाणे जिल्ह्याच्या या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा आषाढ-श्रावणात, अंगणातली माती चिखल झालेली असताना, नेम मोडू नये म्हणून तांब्याभर पाणी वर ओतले जाते. तुळशीच्या मुळांना ओल हवी, डबके नको. मुळे कुजली की रोप भर पावसात सुकते आणि आपण म्हणतो, पाणी तर रोज घालत होते! पावसाळ्यात नेमाला पळीभर पाणी पुरे. जुन्या वृंदावनांची माती खाली थेट जमिनीला मिळालेली असे, त्यामुळे जादा पाणी आपोआप जिरत असे. हल्ली गवंडी सिमेंटचे सुबक वृंदावन बांधून देतो, पण तळाला भोक ठेवायला विसरतो. ते रंगवलेले टाकेच म्हणायचे. बांधून घेताना हे एक सांगावे, आणि तयार घेताना वाकून तळ पाहावा. मातीत दोन भाग साधी माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग रेती असली की निचरा चांगला होतो. रोज निदान पाच-सहा तास ऊन हवे. सदनिकांच्या गॅलरीत उत्तरेकडे ठेवलेली तुळस जगत नाही म्हणून कोणी स्वतःला दोष देऊ नये. जागा बदलून पाहावी.

दुसरी गोष्ट मंजिऱ्यांची. तुळस हे वडा-पिंपळासारखे शतायुषी झाड नव्हे. आपल्या हवेत नीट राखली तर दोन-तीन वर्षे जगणारे ते झुडूप आहे. मंजिरीत बी धरले की आपले कार्य झाले असे समजून झुडूप ओसरू लागते. पाने लहान होतात, खोड काष्ठासारखे कडक होते. म्हणून मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात. देवाला मंजिरीसह तुळस वाहण्याची आपली रीत किती शहाणपणाची आहे हे येथे कळते. शेंडा खुडला की खालून दोन फांद्या फुटतात. द्वादशीला, रविवारी, संक्रांतीला, ग्रहणात आणि सायंकाळनंतर तुळस तोडू नये हे धर्मशास्त्राचे नियमही याच दृष्टीने पाहावेत. त्यांचे पारमार्थिक कारण जे असेल ते असो, रोपाला मात्र त्यामुळे उसंत मिळते. शिवाय तुळस शिळी होत नाही असे शास्त्रच सांगते; पान नसेल त्या दिवशी आधी वाहिलेले धुऊन पुन्हा वाहता येते. एका पानाने जो देव तृप्त होतो त्याच्यासाठी झाड ओरबाडण्याचे कारण नाही.

वनस्पतिशास्त्रात तुळस पुदिन्याच्या कुळातली. पुदिना, सब्जा, मरवा, पानओवा ही तिची भावंडे. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पाने आणि चुरगळताच दरवळणारे तेल ही या कुळाची खूण; पुढच्या वेळी खोड बोटांत फिरवून पाहावे, चार कडा लागतील. हिरवी ती राम तुळस, जांभळट ती कृष्ण तुळस. दोन्ही एकाच जातीच्या. मोठ्या पानांची रानतुळस मात्र निराळी जात आहे. तुळशीच्या तेलात युजेनॉल हे द्रव्य असते, तेच लवंगेतही आहे, म्हणून पान चावताना जिभेला तिखट झणका बसतो. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने युजेनॉल भरपूर देणारे ‘सिम-आयु’ नावाचे वाण काढले असून देशात तुळशीची शेतीही होते. चरकसंहितेत ‘सुरसा’ या नावाने ती श्वासविकार हरण करणाऱ्या दहा औषधींत गणली आहे आणि सुश्रुताने तर तिच्या नावाचा एक गणच सांगितला आहे. सर्दी-खोकल्यात आठ-दहा पाने, आले, मिरी आणि गूळ घालून केलेला काढा कोणत्या मराठी घरात प्यायलेला नाही?

परंतु श्रद्धेच्या नावाने वाटेल ते बोलण्याचीही सवय लागली आहे, ती बरी नव्हे. तुळस चोवीस तास प्राणवायू देते असे ठासून सांगितले जाते; हे खरे नाही. कोणतीही हिरवी वनस्पती प्रकाश असतो तोवरच प्राणवायू सोडते, आणि रात्री तुळसही आपल्यासारखीच श्वास घेते. तुळशीचा मोठेपणा अशा टेकूवर उभा नाही. मधुमेहाबाबत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत चाळीस रुग्णांवर तुळशीच्या पानांचा प्रयोग झाला व उपाशीपोटीची साखर काहीशी उतरली असे आढळले. ते आशादायक आहे, पण चाळीस जणांवरून आपली गोळी बंद करणे म्हणजे अविचार होय. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी, मधुमेहींनी व गर्भवतींनी काढा रोज घेण्यापूर्वी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारावे. प्रसादाचे एखादे पान ही गोष्ट वेगळी.

डासांची कथा अधिक मनोरंजक आहे. सर जॉर्ज बर्डवुड या मुंबईत बराच काळ राहिलेल्या इंग्रज गृहस्थांनी १९०३ साली लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून कळवले होते की, राणीची बाग (आजचे वीर जिजामाता उद्यान) उभी राहत असताना मजुरांना डासांनी हैराण केले, तेव्हा हिंदू व्यवस्थापकांच्या सल्ल्यावरून बागेच्या हद्दीवर सर्वत्र तुळस लावण्यात आली आणि डासांचा व तापाचा उपद्रव थांबला. तुळशीच्या तेलाला डास टाळतात यात तथ्य आहे. पण ते तेल पान चुरडल्यावर सुटते. दारात एक कुंडी ठेवून साचलेले पाणी तसेच राहू दिले तर हिवताप टळणार नाही.

एवढे करूनही तुळस सुकलीच तर? तर ती सुकली, इतकेच. पद्मपुराणातील कथेत वृंदा अग्निप्रवेश करते आणि तिच्या भस्मातूनच तुळस उगवते. जिचा जन्मच असा, तिच्या सुकण्याला घाबरायचे ते काय? वाळलेले खोड टाकू नये. त्याच काष्ठाचे मणी वारकऱ्याच्या गळ्यात माळ होऊन बसतात. ज्या सासूबाईंना सुनेच्या हातून तुळस गेली याचा राग येतो, त्यांनी आधी कुंडीच्या तळाचे भोक पाहावे अशी आमची नम्र विनंती आहे.

आता या आठवड्याचे काम सांगतो. लग्नासाठी सजवलेल्या तुळशीची एकच फांदी बियांसाठी राखावी, बाकी मंजिऱ्या देवाला वाहाव्यात. मार्गशीर्षात त्या फांदीवरच्या मंजिऱ्या तपकिरी होतील. त्या सकाळी, दव उडाल्यावर काढून तळहातावर चोळाव्यात व फुंकून घ्याव्यात. राईहूनही बारीक बी हाती येईल. ते कागदाच्या पुडीत कोरड्या जागी ठेवावे. पौषाच्या थंडीत पाने लहान झाली तर खत घालण्याची घाई करू नये. फाल्गुनात थंडी सरली की बी चिमूटभर रेतीत मिसळून पसरट कुंडीत पेरावे, वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि हाताने पाणी शिंपडावे. धार धरली तर बी वाहून जाते. आठ-बारा दिवसांत अंकुर येतात. चार-सहा पाने झाली की रोपे वेगळी करावीत, म्हणजे पावसाळ्यापूर्वी ती जोम धरतात. एक वृंदावनात लावावे, दुसरे हाताशी राखावे आणि उरलेली चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनींना द्यावीत. ज्यांच्या घरी यंदा लग्नाला तुळस नव्हती त्यांना आधी.