जोडीजोडीने भागाकार

राज्यात दर चौरस किलोमीटरला किती लोक राहतात, हे काढण्यासाठी लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागतात. २०११ च्या जनगणनेनुसार केरळ, गोवा आणि सिक्कीम यांची लोकसंख्या अनुक्रमे ३,३४,०६,०६१. १४,५८,५४५ आणि ६,१०,५७७ होती. त्यांची क्षेत्रफळे अनुक्रमे ३८,८६३. ३,७०२ आणि ७,०९६ चौरस किलोमीटर आहेत.

पायथन या संगणकीय भाषेत एका साध्या यादीला दुसऱ्या यादीने भागता येत नाही. त्यासाठी ‘नम्पाय’ या जोडसंचातील ‘अ‍ॅरे’ वापरतात. अ‍ॅरे म्हणजे संख्यांची क्रमवार रांग. ‘लोकसंख्या / क्षेत्रफळ’ अशी एकच ओळ लिहिली, की पहिल्या संख्येला पहिली, दुसरीला दुसरी आणि तिसरीला तिसरी संख्या भागते. पूर्णांकात ८६०, ३९४ व ८६ ही उत्तरे मिळतात.

तीन संख्यांच्या रांगेला दोन संख्यांच्या रांगेने भागू पाहिल्यास संगणक चूक दाखवून थांबतो. क्रम चुकला, तर मात्र तो थांबत नाही. गोवा व सिक्कीम यांच्या क्षेत्रफळांची अदलाबदल झाली, तर गोव्याचे उत्तर ३९४ ऐवजी २०६ येते आणि संगणक ते निमूटपणे देतो. कोणती संख्या कोणत्या राज्याची, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून भागाकारापूर्वी दोन्ही रांगांचा क्रम आपण स्वतः पडताळून पाहावा.