मुलाचा ताबा : ऐकीव आणि खरे

घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला की कौटुंबिक न्यायालयाआधी नातेवाईकच निकाल देतात. ‘मूल आईलाच मिळतं,’ असे माहेरचे ठासून सांगतात. ‘पगार आपला मोठा, ताबा आपल्याकडेच,’ अशी खात्री नवऱ्याकडचे देतात. दोन्ही चूक.

हिंदू कुटुंबांना लागू असलेला १९५६ चा पालकत्व कायदा एवढेच सांगतो, की पाच वर्षांखालचे मूल एरवी आईकडे असावे. सबळ कारण असेल तर न्यायालय वेगळाही निर्णय देते, कारण त्याच कायद्याचे कलम १३ मुलाचे कल्याण सर्वांत वर ठेवते. सर्व धर्मांना लागू असलेला १८९० चा पालक व पाल्य कायदाही हेच कल्याण पाहतो.

पैशाचे म्हणाल, तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका वडिलांचा खटला पाहावा. मुंबई उच्च न्यायालयापर्यंत निकाल त्यांच्या बाजूने गेला होता. पण मुलगा तान्हा असल्यापासून भारतात आईजवळ वाढला होता, शाळेत रुळला होता. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या सुबत्तेपेक्षा ही घडी महत्त्वाची मानली आणि ताबा आईकडेच ठेवला.

‘ताबा आईकडे असला तरी सही बापाचीच लागते’ हाही जुना समज. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावे रोखे घेताना पालक म्हणून सही केली, ती रिझर्व्ह बँकेने स्वीकारली नाही. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वडील हयात असले तरी मुलाची जबाबदारी घेत नसतील, तर आई नैसर्गिक पालक ठरते.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो पोटगी आणि भेट एकमेकांत अडकवणारा समज. पोटगी थकली म्हणून शनिवारी मुलाला तयारच करायचे नाही; भेट झाली नाही म्हणून पुढच्या महिन्याचे पैसे रोखायचे. मूल दप्तर भरून दाराकडे बघत बसते, आणि मोठ्यांना वाटते आपण बरोबर केले! थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा अर्ज असतो, नाकारलेल्या भेटीसाठी आदेशाच्या अंमलबजावणीचा. आई आणि वडील दोघांचे प्रेम मिळणे हा मुलाचाच हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. समोरासमोर भेट शक्य नसेल तिथे व्हिडिओ कॉलची सोयही सुचवली.

अमुक वर्षांचे झाले की मूल स्वतः ठरवते, असा नियम कायद्यात कुठेही नाही. समज आलेल्या मुलाचे मत न्यायाधीश विचारात घेतात, पण निर्णय त्यांचाच असतो. म्हणूनच मुलाला पढवून नेण्यात शहाणपणा नाही.

शिवाय ताब्याचा आदेश कायमचा नसतो. बदली, आजारपण, शाळा अशा कारणांनी तो बदलून मागता येतो. त्यासाठी रीतसर अर्ज करा. आणि तोवर ठरलेल्या शनिवारी मुलाला ठरलेल्या वेळी भेटीला पोचवा.